शब्दचर्चा : ‘५० मेगाटनचा बाँब’ म्हणजे किती टनांचा?

प्रश्न

आठवीतल्या भाचीने परवा विचारलं, “मामा, पाच कोटी टनांचा बाँब विमानात मावला कसा?” तिच्या हातातल्या लेखात सोव्हिएत रशियाच्या अणुचाचणीबद्दल ‘५० मेगाटन वजनाचा झार बाँब’ असं छापलं होतं. चूक लेखाची, पोरीचा हिशेब बरोबर. मेगा म्हणजे दहा लाख, त्याच्या पन्नास पट पाच कोटी. आणखी एका भाषांतरात ‘यील्ड’साठी, म्हणजे स्फोटातून बाहेर पडणाऱ्या ऊर्जेसाठी, चक्क ‘बाँबचे उत्पन्न’ वाचलं. मराठीत याला नेमकं काय म्हणावं?

प्रतिसाद

त्या बाँबचं वजन होतं २७ टन आणि लांबी सुमारे ८ मीटर. तोही तुपोलेव-९५ विमानाच्या पोटात धड बसेना, म्हणून झडपा काढून टाकाव्या लागल्या. ३० ऑक्टोबर १९६१ला तो नोवाया झेमल्या या आर्क्टिक बेटांवर पॅराशूटने सोडला आणि जमिनीपासून सुमारे ४ किलोमीटरवर फुटला. पाच कोटी टन टीएनटी (एक स्फोटक) एका वेळी पेटवलं तर जेवढी ऊर्जा बाहेर पडेल, तेवढी त्यातून पडली. मेगाटन हे त्या ऊर्जेचं माप.

‘चा’ प्रत्ययाला दोष देऊ नका. ‘पाच एचपीची मोटर’, ‘साठचा बल्ब’ असं आपण रोज बोलतो आणि कुणी साठ ग्रॅम समजत नाही. घोळ ‘टन’ शब्दाचा आहे. टन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उसाची ट्रॉली आणि वजनकाटा येतो. म्हणून लिहिताना ‘५० मेगाटन स्फोटऊर्जेचा बाँब’ असं पूर्ण लिहावं. ‘स्फोटशक्ती’ मी टाळतो, कारण शाळेच्या विज्ञानात शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर, ऊर्जा वेगळी. ‘उत्पन्न’ तर शेताचं किंवा पगाराचं. ते इथे वाचवत नाही.

त्याहून मला सलतो तो ‘पट’. ‘हिरोशिमाच्या ३,३०० पट विध्वंस’ असं सर्रास लिहितात. हिरोशिमाचा बाँब सुमारे १५ किलोटनचा, तेव्हा ऊर्जा ३,३०० पट हे ठीक. पण स्फोटाचा दाब सगळ्या दिशांना पसरत जातो. त्याचा पल्ला ऊर्जेच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे इथे साधारण १५ पट. उद्ध्वस्त होणारं क्षेत्रफळ मग सव्वादोनशे पटीच्या आसपास येतं. उष्णतेचा पल्ला याहून जास्त वाढतो. थोडक्यात, ‘पट’ लिहिण्याआधी कशाच्या पट ते लिहिलंच पाहिजे. सव्वादोनशे पट हिरोशिमा हे काही कमी भयंकर नाही. फुगवायची गरज काय?

प्रतिसाद

‘झार’बद्दल थोडं. ‘त्सार’ उच्चार रशियनच्या जवळचा, पण झारशाही हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की झारच राहू द्यावा. क्रेमलिनमध्ये झार-तोफ आणि झार-घंटा आहेत. तिथे झार म्हणजे आपल्या राजमार्गातला ‘राज’, सगळ्यांत मोठा. या बाँबचं दुसरं टोपणनाव ‘कुझ्माची आई’. “तुम्हाला कुझ्माची आई दाखवू” हा तेव्हाचे सोव्हिएत नेते ख्रुश्चेव यांच्या तोंडी गाजलेला वाक्प्रचार. मराठीत ‘इंगा दाखवू’.

प्रतिसाद

मला ‘विध्वंस’ आणि ‘संहार’ यांतला फरक जपावासा वाटतो. विध्वंस घरांचा, गावांचा; संहार जिवांचा. दोन्हींसाठी एकच मेगाटनचा आकडा पुढे करतात, तो पुरत नाही.

झार बाँबचा मूळ आराखडा १०० मेगाटनचा होता. चाचणीत युरेनियमच्या आवरणाऐवजी शिसं वापरलं, अग्निगोल जमिनीला टेकला नाही आणि किरणोत्सारी धूळ तुलनेने कमी पडली. उलट १ मार्च १९५४चा पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवरचा अमेरिकेचा ‘कॅसल ब्राव्हो’ हा चाचणीस्फोट पाहा. तो जमिनीवरच फोडला. अंदाज ६ मेगाटनचा, निघाले १५, कारण बाँबच्या इंधनातलं लिथियम-७ हे समस्थानिक (लिथियमचाच एक प्रकार) निष्क्रिय राहील असं धरलं होतं, ते राहिलं नाही. प्रवाळाची किरणोत्सारी भुकटी राँगेलॅप या जवळच्या बेटांवरच्या लोकांवर पडली. जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवरही पडली. बोटीचं नाव ‘भाग्यवान ड्रॅगन क्र. ५’, माणसं २३. ती पांढरी भुकटी त्यांनी उघड्या हातांनी गोळा केली. बोटीचे रेडिओचालक आइकिची कुबोयामा त्याच सप्टेंबरात वारले.

जपानीत त्या भुकटीला ‘शि नो हाई’ म्हणतात, म्हणजे मृत्यूची राख. ‘फॉलआउट’साठी आपल्याकडे ‘अवपात’ सुचवतात. शब्द चुकीचा नाही, पण त्यातून काहीच अंगावर पडत नाही. मी ‘किरणोत्सारी राख’ लिहितो.

मूळ प्रश्नकर्ता

‘स्फोटऊर्जा’ भाचीला पटलं. तिने लेखातला ‘वजनाचा’ पेन्सिलीने खोडून वर लिहिलंही. राखेची गोष्ट सांगितल्यावर मात्र तिने वेगळंच विचारलं : त्या बोटीतल्या बाकीच्या बावीस जणांचं पुढे काय झालं? कुणी सविस्तर लिहील का?