मुलांच्या सोशल मीडियाला वयाची अट : दंड कुणाला?

दांडियाबाजारवाला
ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूबवर खातं ठेवता येत नाही. कंपनीने ढिलाई केली तर ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड. मुलाला नाही, आईबापालाही नाही. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात बंदी नाही. अठराच्या आतल्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती घ्या, एवढंच. मला सरळ बंदी हवी. माझा मुलगा सातवीत आहे. नवरात्रात रात्री बाराला गरब्याहून आला आणि तीनपर्यंत स्वतःच्या रीलचे लाइक मोजत बसला. फोन काढून घेतला तर म्हणतो, "सगळ्या वर्गाकडे आहे, मीच का?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. कायदा असता तर असतं.

सुरसागर७१
"एवढंच" नाही हो. त्याच कायद्यात मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे, २०० कोटींपर्यंत दंड आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संमतीचं कलम लागू व्हायला त्यापुढे १८ महिने.
आणि वयाची अट आपल्या बडोद्याला नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बालविवाहाविरुद्ध कायदा केला. दंड भरून लग्नं लावणारे कमी नव्हते. १९०६ मध्ये सक्तीचं प्राथमिक शिक्षण राज्यभर आणलं, त्यातही पालकांना दंड होता, पण सोबत गावोगाव शाळा काढल्या. तुमच्या बंदीसोबत पोरांना काय देणार? संध्याकाळी खेळायला मैदान तरी उरलंय का?

दांडियाबाजारवाला
काका, म्हणूनच तर दंड कंपनीला हवा. आईबाप दंड भरूनही मोकळे होतात.

मांजलपूरची मावशी
संमतीचं हसू येतं मला. आमच्या सासऱ्यांचा हयातीचा दाखला दरवर्षी फोनवर कोण काढतं? अकरा वर्षांची नात. "आबा, डोळे मिचकवा. परत मिचकवा. झालं." त्यांचा चष्मा सापडेपर्यंत ओटीपी टाकूनसुद्धा होतो. उद्या ती आबांच्या फोनवरून स्वतःलाच परवानगी देईल, आणि आबा कौतुकाने शेजाऱ्यांना सांगतील.

कोडवाला_अलकापुरी
मुलांचं वय तपासायचं म्हणजे सगळ्यांचंच तपासायचं, हे कुणी बोलत नाही. सेल्फी नाहीतर ओळखपत्र. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपच्या सुमारे ७० हजार वापरकर्त्यांच्या ओळखपत्रांचे फोटो फुटले असावेत, असं कंपनीनेच सांगितलं. बाहेरच्या ठेकेदाराकडून, आणि त्यातले बरेच वय सिद्ध करायलाच दिलेले. ब्रिटनमध्ये जुलै २०२५ ला प्रौढांच्या साइटींवर वयतपासणी आली आणि लोक धडाधड व्हीपीएन, म्हणजे आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवणारी ॲप्स, उतरवायला लागले. सातवीतला मुलगा ते दोन मिनिटांत करतो.

मांजलपूरची मावशी
करेल की. पण सगळेच करतात का? कुलूप तोडणारे असतात म्हणून आपण दाराला कुलूप लावायचं सोडत नाही. माझा आक्षेप किल्ली पोरीच्या हातात देण्याला आहे.

दहावी_ब
मी पंधरा वर्षांची आहे, म्हणून मधे बोलते. ऑस्ट्रेलियात खातं नसलं तरी यूट्यूब लॉगिन न करता बघता येतं, त्यामुळे माझं गणित तिथेही अडलं नसतं. पण मेसेजिंगची ॲप्स त्या बंदीत नाहीतच. आमच्या बॅचमधल्या एका मुलीचा फोटो बदलून फिरवला, तो मेसेजच्या ग्रुपवर. रीलवर नाही. ती तीन आठवडे क्लासला आली नाही.

कोडवाला_अलकापुरी
हेच म्हणतोय. बंदी एकीकडे, त्रास दुसरीकडे.

दांडियाबाजारवाला
मग तिकडेही बंदी आणा. बेटा, त्या ग्रुपमध्ये कुणी मोठं माणूस नव्हतं का?

दहावी_ब
होते ना काका. क्लासचे सर ॲडमिन होते. त्यांनी ग्रुप म्यूट करून ठेवला होता.