थोरलीची ओजेटी आणि तात्यांचा ऑडिट रिपोर्ट

बी २०४ वहिनी: नमस्कार. सोसायटीच्या ग्रुपवर टाकणार नव्हते पण आता राहवेना. आमची थोरली बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला हाय हे सगळ्यांना माहीतच आहे, त्यांना आता ते ओजेटी, म्हणजे ऑन द जॉब ट्रेनिंग, लागलंय, १२० तास ऑफिसात काम केलं तर ४ क्रेडिट. रोज ४ तास जाती, आज २२ दिवस झाले आणि लॉगबुकवर सही किती तर ९ दिवसांची. विचारलं की म्हणत्यात शेवटी एकदम करूया. काम काय, तर झेरॉक्स काढा, फायलीला पंच मारा, पाहुणे आले की चहा सांगून या. ह्यासाठी पोरगीला पाठवायची का?

सी १०१ ताई: कुठलं ऑफिस ओ वहिनी?

सेक्रेटरी: कृपया नाव टाकू नये. मागे रंगाऱ्याचं नाव टाकून काय झालं ते सर्वांनी पाहिले आहे.

ए ४०२ तात्या: वहिनींना माझा पूर्ण पाठिंबा. सही ज्या त्या वेळी झालीच पाहिजे. त्याचप्रमाणे मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट अजून ग्रुपवर आलेला नाही.

खजिनदार अण्णा: तात्या विषय काय चाललाय, तुम्ही काय बोलालाय

सी ३०३ बापू: वहिनी गैरसमज नको, पण उद्यमनगरात मी लेथवर उभारायच्या आधी सहा महिने नुसता बुरादा झाडलाय. सीएकडं पोरं तीन तीन वर्षं घासत्यात, २२ दिवसात काय रडायचं

बी २०४ वहिनी: बापू तुम्हाला बुरादा झाडून क्रेडिट मिळत नव्हतं, पगार मिळत होता. हिला दोन्ही नाही.

सी ३०३ बापू: 🙏

सी १०१ ताई: डी विंगच्या सीए दादांना विचारा की. दादा, जागे आहात काय?

डी ३०१ सीए दादा: आज २० तारीख आहे ताई. जीएसटीचं महिन्याचं ३बी रिटर्न भरायचा शेवटचा दिवस, पोर्टल नुसतं गोल गोल फिरालंय. रात्री लिहितो.

ए ४०२ तात्या: जीएसटीला शेवटची तारीख असते. सोसायटीचं ऑडिट ३१ जुलैच्या आत पूर्ण व्हायला लागतंय, सप्टेंबरच्या सभेत दोन मिनिटं कागद फिरवला आणि परत घेतला. ऑडिट रिपोर्ट ग्रुपवर टाकावा.

ए १०४ पिंट्या: तात्यांच्या वाढदिवसाला ऑडिट रिपोर्ट फ्रेम करून देऊया 😂 मागं फेटा बांधून फोटो

ए ४०२ तात्या: हसण्यावारी नेऊ नये.

बी १०२ काकू: उद्या पाणी किती वाजता सोडणार?

सी १०१ ताई: मला वाटतंय राहिलेले तास तिनं आपल्या सोसायटीच्या हिशोबावर करावेत. अण्णांना पण हाताखाली कोणतरी होईल, वह्या कॉम्प्युटरवर टॅलीत चढतील.

खजिनदार अण्णा: माझ्या वह्यांना काय झालंय? सहा वर्षं फुकट करालोय, एक रुपाया इकडचा तिकडं नाही. आणि वहिनी, सही वेळेवर पाहिजे हे शंभर टक्के बरोबर. मेंटेनन्स पण वेळेवर असावा एवढंच म्हणतो, कुणाला उद्देशून नाही.

बी २०४ वहिनी: उद्देशून नाही म्हणजे मलाच. ह्यांचं तुमच्याशी बोलणं झालंय, लिफ्ट चालू करा, दुसऱ्या दिवशी पैसे घ्या.

सेक्रेटरी: उपविधीनुसार थकबाकीवर सरळव्याज आकारता येते. फक्त माहितीसाठी.

ए १०४ पिंट्या: माहितीसाठी म्हणून सेक्रेटरी साहेबांनी रंकाळ्यात ढकललं 😂

बी २०४ थोरली: आई मी सांगतो. झेरॉक्स पहिल्या आठवड्यात होतं. आता मी बँक स्टेटमेंट कॅशबुकाला लावतो, आणि गेले चार दिवस २बी, म्हणजे जीएसटी पोर्टलवर येणारी खरेदीच्या बिलांची यादी, ती बिलांशी मॅच करालोय. चहा एकदाच आणला, तो पण मला स्वतःला प्यायचा होता.

बी १०२ काकू: अगं सांगतो काय, सांगते म्हण

बी २०४ थोरली: काकू तुम्ही पुण्याच्या, कोल्हापुरात असंच हाय 😄

बी २०४ वहिनी: हे तुला घरात सांगता येत नव्हतं? मी इथं अख्ख्या सोसायटीसमोर

बी २०४ थोरली: तू विचारलंसच कुठं, थेट ग्रुपवर टाकलंस

डी ३०१ सीए दादा: झालं एकदाचं, ११ वाजले. आता सगळं वाचलं. बापू, तुम्ही म्हणताय ती आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, ती आता तीनची दोन वर्षं झाली आणि ती सीएची इंटर परीक्षा पास झाल्यावर असते, हे १२० तास त्यात धरत नाहीत. ही कॉलेजची ओजेटी, एका क्रेडिटला ३० तास. वहिनी, फायली लावणं हे वाया गेलं असं समजू नका, बिल हातात धरून बघितल्याशिवाय व्हाउचर कळत नाही, आमच्याकडं पण पोरं तिथूनच चालू करतात. पण २बी मॅचिंग देत असतील तर ऑफिस वाईट नाही. म्हणजे बघा, बापूंनी शिरोलीतनं माल घेतला, जीएसटी देऊन बिल घेतलं, आणि त्या व्यापाऱ्यानं जीएसटीआर १, म्हणजे विक्रीचं रिटर्न, भरलंच नाही, तर १४ तारखेला बापूंच्या २बीमध्ये ते बिल येत नाही आणि दिलेल्या जीएसटीचं क्रेडिट घेता येत नाही, म्हणजे तो आपल्या करातनं वजा होत नाही. एकेक बिल असं शोधायला डोळा लागतो.

सी ३०३ बापू: म्हणूनच माझे १८ हजार अडकलेत काय! त्याला उद्या बघतो

डी ३०१ सीए दादा: सहीचं मात्र वहिनींचं बरोबर आहे. २२ दिवसांचे ८८ तास, सही ३६ तासांची, बाकीचे ५२ तास कागदावर नाहीतच. शेवटी एकदम सही केली आणि व्हायव्हाला सरांनी विचारलं की १२ तारखेला काय केलंस, तर काय सांगणार? रोज दोन ओळी लिही, कुणाची बिलं, कुठल्या महिन्याची, काय चुकलं, आणि दर शनिवारी वही पुढं ठेव. नाही केली तर कॉलेजच्या मेंटरला सांग, तो त्याच्यासाठीच दिलेला असतो. सोसायटीचं काम तासात धरायचं असेल तर आधी कॉलेजला विचारायला लागेल, ग्रुपवर ठरवून चालत नाही.

बी २०४ थोरली: थँक्यू दादा, शनिवारी ठेवतो

बी २०४ वहिनी: धन्यवाद दादा. चहाचं मी मागं घेते. सहीचं नाही.

ए ४०२ तात्या: सीए साहेबांनी उत्तम सांगितले. ज्या त्या वेळी कागद झाला पाहिजे. या निमित्ताने पुन्हा विचारतो, ऑडिट रिपोर्ट?

बी १०२ काकू: पाण्याचं कोणीच सांगितलं नाही

खजिनदार अण्णा: बाळ परीक्षा झाली की एकदा वर ये, वह्या काढून ठेवतो. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामाला साठवतो तो) एकाच खात्यात पडलेत, तेवढं वेगळं करून दे. तात्याला कळू देऊ नको

खजिनदार अण्णा: हा मेसेज डिलीट केला आहे

ए ४०२ तात्या: वाचला. स्क्रीनशॉट पण घेतला.