पियानोवरचा बाख हा बरोकचा दरवाजा नव्हे

खर्जातला

रागसंगीत ऐकणारं कुणी 'पाश्चात्त्य अभिजात कुठून सुरू करू' असं विचारतं आणि हमखास त्याच्या हाती पियानोवरचा बाख, म्हणजे जर्मन संगीतकार बाखच्या रचना पियानोवर वाजवलेल्या, दिला जातो. माझा याला विरोध आहे.

बरोक म्हणजे युरोपीय संगीताचा ढोबळमानाने १६०० ते १७५० हा काळ. एका टोकाला फ्लॉरेन्स-मान्तुआतले पहिले ऑपेरा (माँतेव्हेर्दीचा 'ऑर्फेओ' १६०७चा), दुसऱ्या टोकाला लाइपझिगमध्ये बाखचं निधन. या काळातले कळफलक हार्पसिकॉर्डचे, ऑर्गनचे, क्लॅव्हिकॉर्डचे. वाद्यं बनवणाऱ्या क्रिस्तोफोरीने १७००च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये पियानो केला खरा, पण त्याचं बस्तान बसेपर्यंत बरोक उतरणीला लागलं होतं.

हार्पसिकॉर्डची कळ दाबली की लाकडाची उभी पट्टी वर सरकते आणि तिच्यातलं पिसाच्या देठाचं टोक तार छेडतं. बोट जोरात आपटा की हळू टेकवा, आवाज जवळपास तेवढाच. मग वादक भाव आणतो कुठून? स्वर किती धरला, किती लवकर सोडला, पुढचा केसभर उशिरा आणला का, यातून. पियानोवाला मधला एक आवाज जोर देऊन वर काढतो, बाकीचे दाबतो. म्हणजे फोड त्याने केली, तुमचा कान आळशी राहिला.

बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'मधल्या (१७४१) एकाच रचनेच्या ३० रूपांपैकी ११ रूपांवर त्याने दोन कळफलक हवेत असं स्पष्ट लिहिलंय. पियानोला एकच कळफलक. हात एकाच कळीवर येतात, एकाने उचलावा लागतो, आणि दोन वेगळ्या रंगांची गुंफण एकरंगी होते.

पाचवी काळी

खर्जातला, तुमची तांत्रिक माहिती बरोबर, निष्कर्ष चूक.

वाद्याबद्दल इतके सोवळे तुम्ही आहात, बाख नव्हता. विवाल्डीचा चार व्हायोलिनांचा कॉन्चेर्तो (मुख्य वाद्यं आणि साथीचा वाद्यवृंद अशी रचना) त्याने चार हार्पसिकॉर्डांसाठी लिहून काढला. 'आर्ट ऑफ फ्यूग'वर तर वाद्याचं नावच नाही. १७४७ साली पॉट्सडॅमच्या दरबारात तो पियानोवर बसलाही.

दुसरं, 'जुनी वाद्यं' म्हणून जे विकलं जातं त्यातही आजची सोय किती आहे ते सांगा ना. ४१५चा सूर, म्हणजे ए हा स्वर ४१५ हर्ट्झवर लावणं, ही विसाव्या शतकातली तडजोड आहे: आजच्या ४४०पेक्षा बरोबर अर्धा स्वर खाली, म्हणून सगळ्यांना सोपी. पेटीच्या भाषेत सहावी पांढरी चौथ्या काळीवर येते. प्रत्यक्षात फ्रेंच मंडळी त्याहून अर्धा स्वर खाली, ३९२च्या आसपास वाजवत, तर जर्मन चर्चमधले ऑर्गन ४६५च्या घरात असत.

व्हायोलिनच्या कंपनाचंही (व्हायब्रातो, बोटाने स्वर थरथरवणं) तेच. 'बरोकमध्ये स्वर सरळ ठेवायचा' म्हणतात. व्हायोलिनवादक जेमिनियानी १७५१मध्ये लिहितो की जमेल तितक्या वेळा कंपन घ्या. पाचच वर्षांनी लिओपोल्ड मोत्सार्ट प्रत्येक स्वर थरथरवणाऱ्यांची टर उडवतो. यातला अस्सल कोण?

आणि नवखा माणूस हार्पसिकॉर्डला दहाव्या मिनिटाला कंटाळतो. कान किटतात.

खर्जातला

कान किटतात याचं कारण बहुतेक वेळा आवाजाचं बटण असतं. हार्पसिकॉर्ड खोलीत पियानोपेक्षा पुष्कळ हळू वाजतो, पण ध्वनिमुद्रणात माईक तारांना चिकटवलेला असतो. पियानोच्या पातळीवर लावला तर पत्र्याच्या डब्यात नाणी पडल्यासारखंच होणार. निम्मा करा.

कंपनाचा मुद्दा मान्य. विवाल्डीचा नाही. बाखने नुसतं वाद्य बदललं नाही: तो कॉन्चेर्तो बी मायनरमधून ए मायनरमध्ये उतरवला, मधल्या रिकाम्या जागा भरल्या. व्हायोलिनचा लांब स्वर छेडलेल्या तारेवर टिकत नाही हे तो जाणून होता. म्हणजे वाद्याची पर्वा होती म्हणूनच त्याने नव्याने लिहिलं. आपले पियानोवादक काय लिहून काढतात?

शिवाय सूर जुळवण्याबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाही. तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार सा-पासून ३८६ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), आजच्या पियानोचा आणि पेटीचा ४००चा. चौदा सेंट चढा. आपल्याकडे पेटीविरुद्ध तक्रार होते ती हीच. सतराव्या शतकातल्या मीनटोन जुळणीत तो गंधार शुद्ध असे. तानपुऱ्यावर तयार झालेल्या कानाला बरोकमध्ये नेणारी याहून जवळची वाट कोणती?

पाचवी काळी

त्या गंधाराची किंमतही सांगा की. मीनटोनमध्ये पंचम ६९७च्या आसपास, म्हणजे शुद्ध ७०२पेक्षा उतरा. असे अकरा पंचम लावले की बाराव्यात सगळी चूक साठते आणि तो ७३८च्या आसपास जातो. युरोपात त्याला 'लांडगा' म्हणतात, कारण तो खरंच गुरगुरतो.

घरच्या डिजिटल कीबोर्डमध्ये जुळणी बदलायची सोय असेल तर पाच मिनिटांत कळेल. ट्रान्सपोज शून्यावर, टच बंद, हार्पसिकॉर्डचा आवाज, जुळणी मीनटोन, पाया पांढरी एक. सा-ग-प एकत्र दाबा: अगदी निवांत. आता कोमल धैवत, वरचा सा आणि त्यावरचा कोमल गंधार. हाच तो लांडगा. चोवीसही स्केलमध्ये हिंडायचं म्हणून तर बाखने १७२२मध्ये 'वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर' रचला, तो मीनटोनवर वाजणारच नाही. तेव्हा 'बरोक म्हणजे शुद्ध गंधार' हे अर्धसत्य.

खर्जातला

'वेल-टेम्पर्ड' म्हणजे आजची समान जुळणी नव्हे. तडजोड सगळीकडे सारखी वाटायची नाही, जास्त वापरातल्या स्केलला गोड ठेवायचं, लांबच्यांना थोडं तिखट. प्रत्येक स्केलचा स्वभाव वेगळा. पियानोवर ते सगळं सपाट होतं. पण बाखला मीनटोन पुरला नसता, हे कबूल.

मंद्र पंचम

तुम्ही दोघं दीडशे वर्षांचं संगीत एका बाखच्या कळफलकावर मोजताय. बरोकचा कणा खालचा आवाज आहे, कंटिन्युओ. चेलो किंवा गाम्बा (चेलोसारखं जुनं गजाचं वाद्य) बेसची ओळ वाजवणार, हार्पसिकॉर्ड, ऑर्गन किंवा थिऑर्बो (लांब मानेचं छेडायचं तंतुवाद्य) त्यावर स्वरमेळ जागच्या जागी रचणार. कागदावर बेसचे स्वर आणि आकडे एवढंच. आकडा नाही तर बेसपासून तिसरा आणि पाचवा स्वर. ६ लिहिलं तर तिसरा आणि सहावा. ४ आणि पुढे ३ असेल तर चौथा रोखून धरायचा, मग तिसऱ्यावर सोडायचा. या 'रोखून सोडण्या'तच बरोकची अर्धी ओढ आहे. नवशिके प्रत्येक बेस-स्वरावर चारबोटी कॉर्ड ठोकतात आणि जलद भागात चिखल होतो. तिथे फक्त ठोक्यावर कॉर्ड द्यायची, मधले स्वर बेसवाल्याचे.

आपल्या श्रोत्याला हे शिकवायला सर्वात सोपं म्हणजे तबल्याचा लेहरा. पर्सेलच्या 'डायडो' या ऑपेरातलं डायडोचं शेवटचं गाणं घ्या. बेस सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प असा पायऱ्यांनी उतरतो, पाच मापांत पुन्हा सा गाठतो. अशी ११ आवर्तनं. फरक एवढाच की गायिका समेवर येत नाही, मुद्दाम. तिची ओळ आवर्तनाच्या सांध्यावरून पुढे सांडते, बेस मात्र आपल्या वाटेने चालत राहतो. पहिल्यांदा फक्त बेस मोजा, गाणं ऐकूच नका. दुसऱ्यांदा दोन्ही.

साधा ठेका

पाखेलबेलचा कॅनन आणि अल्बिनोनीचा अदाजिओ का नाही घेत कुणी? सगळ्या याद्यांत तेच असतात.

मंद्र पंचम

कॅनन जरूर घ्या. बेसचे आठ स्वर, २८ आवर्तनं, वर तीन व्हायोलिनं तीच चीज एकेका आवर्तनाच्या अंतराने वाजवतात. चार-साडेचार मिनिटांत संपणारं ध्वनिमुद्रण निवडा. सात मिनिटांच्या लग्नाच्या वरातीत तिसरं व्हायोलिन कधी शिरलं ते कळतच नाही.

अदाजिओ काढून टाका. तो अल्बिनोनीच्या नावावर खपतो, पण बरोक नव्हेच; तो विसाव्या शतकातल्या रेमो जाझोत्तोने १९५८मध्ये छापला.

पाचवी काळी

मंद्र पंचम यांचा बेसचा रस्ता मला पटतो. म्हणूनच म्हणतो, ऐकू येतोय ना बेस? मग तो पियानोवर का असेना.

खर्जातला

पियानोवर बेस ऐकू येतो तो वादकाला वाटलं तेव्हा.