सहीचे पैसे की आवाजाचे?

सिग्नेचर गिटार, म्हणजे नामवंत वादकाच्या नावाने काढलेली गिटार. 'ती म्हणजे नुसते सहीचे पैसे' असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. माझ्याकडची फेंडर कंपनीची, गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या नावाची स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) ही इलेक्ट्रिक गिटार बघा. हे मॉडेल १९८८ मध्ये आलं. हेडस्टॉकवरची, म्हणजे गिटारच्या वरच्या टोकावरची सही सोडून द्या, खरी गंमत तिसऱ्या नॉबमध्ये आहे. तो टोनचा नॉब नाही, मिड-बूस्ट आहे, म्हणजे आवाजातला मधला पट्टा वाढवतो, २५ डेसिबलपर्यंत. शून्यावर स्ट्रॅटचा नेहमीचा खणखणीत आवाज. हळूहळू फिरवत नेला की तोच सूर जाड होतो, अँप्लिफायरचा ड्राइव्ह (आवाजातली खरखर) न वाढवता नोट लांबते. बेंड घेताना, म्हणजे तार ओढून सूर चढवताना तर फार सुख लागतं! पायाने चालवायचं इफेक्ट पेडल लावून हे जमतं म्हणाल, पण बोटाखाली, गाण्याच्या मधेच कमीजास्त करता येणं वेगळं.

सर्किटला ९ व्होल्टची बॅटरी लागते, म्हणून वाजवून झालं की केबल काढून ठेवा, नाहीतर ती उतरते. व्हॅमी बार (सूर हलवायचा दांडा) वापरणाऱ्यांनी मात्र हिच्या वाटेला जाऊ नये, ब्रिज (तारा जिथे अडकवतात तो भाग) मुद्दाम ब्लॉक केलेला, म्हणजे हलणार नाही असा असतो. आणि नेक, म्हणजे गिटारची मान, मागून किंचित व्ही आकाराची आहे. अंगठा वरून आणून वाजवणाऱ्यांना ती हातात चपखल बसते. अंगठा नेकच्या मागे सपाट ठेवणाऱ्यांनी आधी दुकानात निवांत वाजवून बघावी, मगच पैसे मोजावेत.