केमो चालू असताना कानबाई
एका दादांनी विचारलंय की नामस्मरणाने कॅन्सर बरा होतो का, तर गाठ काही त्याने विरघळत नाही, ते काम केमो-रेडिएशनसारख्या उपचारांचंच. पण माझ्या सासूबाईंची ट्रीटमेंट चालू असतानाच श्रावण लागला, आमच्या जळगावकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई देवी बसते, तर इतके दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेली बाई म्हणे मला उठून बसवा. तिच्या नैवेद्याच्या रोटांचं पीठ मळायची ताकद नव्हती, नुसता हात लावला पिठाला, बाजेवर पडून गाणी ऐकली आणि सोमवारी विसर्जनानंतर स्वतःहून जेवायला मागितलं. याला बरं होणं म्हणा नाहीतर नका म्हणू. सिसिली साँडर्स या डॉक्टरबाईंनी १९६० च्या दशकातच मांडलंय की दुखणं शरीराचं तसंच मनाचं, नात्यांचं आणि श्रद्धेचंही असतं, पॅलिएटिव्ह केअरवाले, म्हणजे पेशंटचा त्रास हलका करायला झटणारे डॉक्टर-नर्स, आजही तेच धरून चालतात. फक्त केमोने पांढऱ्या पेशी कमी होऊन जंतुसंसर्गाची भीती असताना वणीच्या यात्रेची गर्दी, कडक उपास, कुणीही दिलेला अंगारा पाण्यात कालवून पिणं हे नको, आधी डॉक्टरांना विचारा. आणि 'देवाचं काहीतरी राहिलं असेल म्हणून झालं' असं पेशंटसमोर बोलणारे नातेवाईक आले की त्यांना चहा पाजून ओसरीवरूनच वाटेला लावा.