खोक्यातल्या केक मिक्सच्या चॉकलेट कुकीज: तुमच्या कशा झाल्या?

चॉकलेट केक मिक्सचा खोका आणला होता, पण केक करायचा उत्साह मावळला. त्याच मिक्सच्या कुकीज होतात हे ऐकून होते. १ खोका, २ अंडी, अर्धा कप तेल, वरून मूठ-दोन मुठी चॉकोचिप्स, आणि पाणी अजिबात नाही. चमच्यानेच कालवलं. सुरुवातीला पीठ कोरडंठाक राहतं आणि आपलं काहीतरी चुकलंय असं वाटतं. नेटाने ढवळत राहिलं की अचानक त्याचा चकचकीत, जड गोळा होतो. बटर पेपरवर सुपारीहून मोठे गोळे मांडले आणि १७५ अंशांवर ९ मिनिटं लावली.

बाहेर काढल्या तर मध्ये लिबलिबीत. कच्च्या राहिल्या म्हणून परत आत ढकलल्या आणि आणखी ५ मिनिटं दिली. गार झाल्यावर एक ताटलीत टाकली, तर टक्कन वाजली. दुसरा ट्रे ९ मिनिटांनी काढला, तोच फोन आला आणि तो ओट्यावर तसाच राहिला. पंधरा मिनिटांनी येऊन बघते तो त्याच लिबलिबीत कुकीज कडेने खुसखुशीत आणि आत मऊ झालेल्या! पीठ तेच, ओव्हन तोच.

म्हणून हा धागा. तुम्ही कधी बाहेर काढता, काय घालता, काय फसलं, ते सविस्तर लिहा. फसलेलं आधी.

करपलेली कड

साध्या कुकीची कड सोनेरी झाली की कळतं. चॉकलेटची मुळातच काळी, ती रंगावरून काही सांगत नाही. माझे पहिले दोन खोके यातच गेले. करपल्याचा वास आला तेव्हाच मला कळलं, आणि तोवर उशीर झालेला असतो.

आता मी चकाकी बघतो. कच्च्या पिठावर ओली चमक असते. ती जाऊन वरचा भाग मंद दिसायला लागला आणि कडेला बोट लावल्यावर ती दबली नाही, की ट्रे बाहेर. मध्यभाग मऊ असू दे. तापलेला ट्रे पुढची चार-पाच मिनिटं कुकीला शेकत असतोच, तुमच्या फोनने तेवढंच काम केलं. मात्र लगेच उलथन्याने उचलायला जाऊ नका, हातात चुरा येईल. पाच मिनिटांनी जाळीवर काढा, नाहीतर खाली वाफ धरून तळ ओला होतो.

आणि ट्रे गडद रंगाचा असेल तर तळ लवकर लागतो. मी एक मिनिट कमी धरतो.

वजनकाटा

माझी तक्रार खोक्याबद्दल आहे. मावशीच्या वहीत हीच कृती आहे, "१ खोका, २ अंडी, अर्धा कप तेल". तिच्या कुकीज जाड व्हायच्या, माझ्या पापडासारख्या पसरायच्या. तीन वेळा केल्या, तिन्ही वेळा तेच. मी ओव्हनला दोष दिला, अंड्यांना दिला, शेवटी स्वतःला दिला. मग एकदा सहज खोक्यावरचं वजन वाचलं.

मावशीने कृती उतरवली तेव्हा अमेरिकन खोका १८.२५ औंसांचा, म्हणजे सुमारे ५१७ ग्रॅमचा असायचा. पुढे तो १५.२५ औंसांवर, म्हणजे ४३२ ग्रॅमवर आला, आणि आता काही खोके १३.२५ औंसांचे, जेमतेम ३७५ ग्रॅमचे आहेत. अंडी आणि तेल तेवढंच, कोरडं साहित्य मात्र पाव हिश्शाहूनही जास्त घटलेलं. कुकी पसरणार नाही तर काय करणार?

माझा हिशेब असा: ४३२ ग्रॅमला कृती आहे तशीच चालते, पीठ फार सैल वाटलं तर दोन चमचे मैदा. ३७५ ला तेल पाव कपाच्या जरा वर आणि तीन चमचे मैदा. "एक खोका" हे माप समजू नका, काट्यावर ठेवून बघा.

अर्धवट वाचणारी

मी खोक्यामागचं वाचून पाणी पण घातलं. आख्खा कप. आणि ते केकचं पीठ चमच्या-चमच्याने ट्रेवर "मांडलं". दहा मिनिटांनी ओव्हनमध्ये एकच कुकी होती, ट्रेएवढी. चौकोनी तुकडे करून दिल्या. पाहुण्यांनी कृती मागितली. अजून दिलेली नाही.

लोणीवाली

तेल कसलं घालता? अर्धा कप बटर घालून बघा. चवीत फरक पडतोच, आणि ज्यांना पडत नाही असं वाटतं त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून खाऊन बघावं.

पण बटर वितळवून घातलंत तर कुकी पसरते. शिवाय बटरमध्ये सुमारे १६ टक्के पाणी असतं, ते वेगळंच. मी मऊ बटर फेटून घेते, पीठ झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवते आणि मगच गोळे करते. बटर घट्ट झालं की ओव्हनमध्ये वितळायला वेळ घेतं, तोवर कड धरलेली असते. ट्रे एकच असेल तर तो पूर्ण गार होऊ द्या. गरम ट्रेवर ठेवलेला दुसरा घाणा ओव्हनमध्ये जायच्या आधीच ओघळायला लागतो.

करपलेली कड

बटरची चव मान्य. पण मी मिक्स आणतो ते भांडी आणि वाट बघणं वाचावं म्हणून. फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवायचं असेल तर मग मैदा-कोको मोजूनच का घेऊ नये? तेल फ्रीजमध्ये गोठत नाही, त्यामुळे तेलाच्या पिठाला तितकं थांबायची गरजही नाही. मी तेलाशीच राहतो.

सूनबाई

आमच्या सासूबाई केक मिक्सला "तयार माल" म्हणतात. मी अंडं फोडत असले की मागून ऐकू येतं, "तेवढं तरी स्वतःचं घालतेस!" एकदा मी त्यांना या अंड्याचीच गोष्ट सांगितली.

सर्वांना माहीत असलेली गोष्ट अशी की दुसऱ्या महायुद्धानंतर अर्नेस्ट डिख्टर या मानसशास्त्रज्ञाने कंपन्यांना सल्ला दिला, बायकांना ताजं अंडं घालू द्या, म्हणजे आपण स्वतः काही केल्यासारखं वाटेल. पण ही कल्पना त्याच्याही आधीची. पिट्सबर्गची पी. डफ अँड सन्स ही काकवी विकणारी कंपनी. तिने १९३० च्या दशकात कोरड्या मिक्सची पेटंट घेतली. पहिल्यात अंडंही भुकटीच्या रूपात होतं, फक्त पाणी घाला की झालं. १९३५ च्या पेटंटात मात्र ताजं अंडं आलं, कारण काय, तर गृहिणींना ताजी अंडी घालायला आवडतं.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "म्हणजे तेव्हाही त्या बायकांना पटत नव्हतंच." आणि दोन कुकीज घेऊन गेल्या.

बिनअंड्याचा

आमच्याकडे अंडं चालत नाही. दोन अंड्यांऐवजी अर्धा कप घट्ट दही घातलं: फुगीर, मऊ, खरं सांगायचं तर छोटे केकच. दोन मोठे चमचे जवसाची पूड सहा चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून घातली, त्या कुकीज बऱ्या झाल्या, जरा चिवट, चावायला मजा येणाऱ्या. दही वापरणार असाल तर तेल थोडं कमी करा. आणि खोक्यावरची घटकांची यादी वाचून घ्या, काही मिक्समध्ये अंड्याचा अंश असतो.

चाटूगिरी बंद

वाडगं चाटायला देऊ नका. अंडं नसलं तरीही. मिक्समधला मैदा कच्चाच असतो आणि त्यातूनही जंतू जाऊ शकतात. आमच्या घरी यावरून रडारड झाली, तरी नाही दिलं.

पिठीसाखर

वरून भेगा पडलेल्या, पांढऱ्या-काळ्या कुकीज हव्या होत्या म्हणून गोळे पिठीसाखरेत घोळवले. आत जाताना बर्फासारखे, बाहेर येताना राखाडी, चिकट. ओल्या पिठाने साखर पिऊन टाकली होती. पुढच्या वेळी गोळे आधी साध्या दाणेदार साखरेत घोळवले, मग पिठीसाखरेत, तीही थापून भरपूर. पांढरं पांढरंच राहिलं आणि भेगांतून काळी कुकी दिसायला लागली. या कुकीसाठी चॉकोचिप्स घालू नका, भेगा वाकड्यातिकड्या जातात. चॉकलेट हवंच असेल तर गोळ्याच्या पोटात एकच तुकडा दाबा.

धागाकर्ती

वजन बघितलं. ३७५!

तेल कमी केलं, तीन चमचे मैदा घातला. आठव्या मिनिटाला दार उघडलं तर चमक होती. दहाव्याला गेली. काढल्या आणि हात मागे बांधून पाच मिनिटं उभी राहिले. अठरा झाल्या. पण मागच्या बाजूच्या चार जरा कडकच आहेत, म्हणजे माझा ओव्हन मागून जास्त तापतो बहुतेक. मधेच ट्रे फिरवता का कुणी? दार उघडलं की उष्णता जाते ना?