स्टुडंट व्हिसावर बाहेर जाऊन परत येताना तुमच्याकडे नेमकं काय मागितलं? अनुभव लिहा

सुट्टी जवळ आली की तोच प्रश्न सुरू होतो, जाऊन येऊ का, परत आत घेतील ना? आणि उत्तरं देणारे निम्मे लोक स्वतः कधी गेलेलेच नसतात, कुणाच्या तरी रूममेटच्या मित्राला परत पाठवलं एवढंच त्यांचं भांडवल. म्हणून इथे फक्त स्वतःचं किंवा अगदी जवळून पाहिलेलं लिहा. कोणता देश, कोणतं साल, कोणता कागद कोणी पाहिला. साल जरूर लिहा, कारण हे नियम फार पटापट बदलतात. पासपोर्ट नंबर, सेविस नंबर (अमेरिकेतला विद्यार्थी नोंदणीचा नंबर) वगैरे काही टाकू नका प्लीज. सुरुवात मीच करते.

अमेरिका, मास्टर्स, २०२३ (धागा काढणारी)

माझा एफ-१ चा (विद्यार्थी व्हिसा) पासपोर्टमधला स्टॅम्प चालू होता त्यामुळे मला फक्त आय-२० वर (युनिव्हर्सिटी देते तो फॉर्म) सही घ्यायची होती. दुसऱ्या पानावर ट्रॅव्हल एंडॉर्समेंट म्हणून जागा असते तिथे युनिव्हर्सिटीचा डीएसओ (परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणारा अधिकारी) सही करतो, शिकत असताना ती एक वर्ष चालते. मेल टाकला, सही केलेली पीडीएफ आली, प्रिंट काढली, संपलं. परत येताना ऑफिसरने काय शिकतेस आणि कधी संपणार एवढंच विचारलं, बोटांचे ठसे, फोटो, चला पुढे. आय-२० बघितला पण सही शोधलीसुद्धा नाही बहुतेक. तरी ती नसेल तर तुमचं नशीब त्या दिवशीच्या ऑफिसरवर, आणि तो जुगार कशाला.

अमेरिकेत परत पोचल्यावर एक काम मात्र करा, आय-९४ (आत आल्याची सरकारी नोंद) ऑनलाइन काढून बघा. क्लास एफ-१ आणि अॅडमिट अनटिल समोर डी/एस (ठरावीक तारीख नाही, विद्यार्थी स्टेटस असेपर्यंत) असं पाहिजे. आमच्या लॅबमधल्या एकीची नोंद व्हिजिटर म्हणून झाली होती, तिने दुसऱ्याच आठवड्यात एअरपोर्टवरच्या डिफर्ड इन्स्पेक्शनला जाऊन ती दुरुस्त करून घेतली. बघितलंच नसतं तर सहा महिन्यांनी ओव्हरस्टे.

कॅनडा, कॉलेज, २०२२

कॅनडावाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, स्टडी परमिट म्हणजे व्हिसा नाही!! परमिट तुम्हाला आत राहून शिकू देतं, दारातून आत यायला पासपोर्टमधला टीआरव्ही (तात्पुरत्या रहिवाशाचा व्हिसा) लागतो, आणि दोघांच्या तारखा वेगळ्या असू शकतात. माझं परमिट चालू आणि टीआरव्ही संपलेला होता. मला फक्त अमेरिकेत एका कॉन्फरन्सला जायचं होतं (अमेरिकेचा व्हिसा होता) आणि तिथे सूट आहे, फक्त अमेरिकेला जाऊन तिथूनच सरळ परत येणार असाल तर चालू स्टडी परमिटवर येता येतं, नवीन टीआरव्ही लागत नाही. मी बसने आलो. बॉर्डरवर सगळ्यांना उतरवलं, पासपोर्ट, परमिट आणि कॉलेजचं एनरोलमेंट लेटर दाखवलं, त्याने कॉम्प्युटरवर काहीतरी पाहिलं आणि वेलकम बॅक.

पण अमेरिकेतून पुढे तिसऱ्याच देशात गेलात तर ही सूट गेली. माझा क्लासमेट असाच लग्नाला गेला आणि बाहेरून टीआरव्हीचा अर्ज करत बसला, इकडे सेमिस्टर सुरू. खरं तर कॅनडात असतानाच ऑनलाइन अर्ज करता येतो, मग पासपोर्ट पाठवून स्टिकर लावून घ्यायचं. निघायच्या खूप आधी करा.

जर्मनी, मास्टर्स, २०२४

माझं जरा लांब आहे. रेसिडन्स परमिटचं कार्ड संपत आलेलं, रिन्यूअलचा अर्ज वेळेत टाकलेला, पण टेर्मिन (अपॉइंटमेंट) मिळाली ती कार्ड संपल्यानंतरची, आणि मधेच घरी जाणं भाग होतं, आजारपण होतं, टाळता येण्यासारखं नव्हतं. अशा वेळी फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा कागद मागायचा (नाव लिहायलाच दमले, पुढे फिक्शन म्हणते). म्हणजे तुमच्या अर्जावर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू आहे असं मानलं जातं. पण आत चौकटी असतात आणि कुठल्या चौकटीवर खूण आहे त्यावर सगळं अवलंबून. कलम ८१ उपकलम ४ वर खूण असेल तर बाहेर जाऊन परत येता येतं. उपकलम ३ वर असेल तर तुम्ही जर्मनीत राहू शकता पण त्या कागदावर परत येता येत नाही. आमच्या ग्रुपमध्ये दोघांकडे दिसायला सेम कागद होता आणि एकाची खूण ३ वर होती, तो गेलाच नाही.

मी काउंटरवरच्या बाईंना दोनदा विचारून खात्री केली आणि परतताना मुद्दाम थेट जर्मनीत उतरणारं विमान घेतलं, मधे दुसऱ्या शेंगेन देशात हा कागद समजावत बसायला नको. तरी चेक-इनला अडकलेच. त्या मुलीने तो कागद आयुष्यात पाहिलेला नव्हता, जर्मनमध्ये लिहिलेला, सुपरवायझर आला, फोन झाले, मागची लाइन माझ्याकडे रागाने बघतेय. मी जुनं कार्ड, फिक्शन, इमात्रिकुलेशनचं (युनिव्हर्सिटीत नाव असल्याचं) पत्र आणि जर्मन सरकारी साइटवरची इंग्रजी माहिती छापून नेली होती, ते सगळं समोर ठेवलं तेव्हा बोर्डिंग पास हातात पडला. आणि उतरल्यावर जर्मन पोलिसाने तो कागद दहा सेकंद पाहून शिक्का मारला. सगळी लढाई विमानात चढायच्या आधीच.

अजून एक, सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर परवाना आपोआप संपू शकतो, थिसिस घरून लिहितो म्हणणाऱ्यांनी आधी विचारून घ्या.

यूके, एमएससी, २०२५

जर्मनीवाल्या ताईंचं 'सगळी लढाई विमानात चढायच्या आधीच' हे शंभर टक्के. आमचं तर आता कार्डच नाही. बीआरपी (राहण्याच्या परवान्याची कार्डं) बहुतेक सगळी ३१ डिसेंबर २०२४ ला संपली, आता ई-व्हिसा, म्हणजे दाखवायला हातात काहीच नाही, सगळं यूकेव्हीआय (तिथलं व्हिसा खातं) अकाउंटमध्ये. माझा पासपोर्ट मधल्या काळात नवीन झाला आणि अकाउंटला जुन्याचाच नंबर जोडलेला. सीनियरने सांगितलं म्हणून निघायच्या आधी नवीन पासपोर्ट जोडला. एअरलाइन पासपोर्ट नंबरवरून तुमची परवानगी तपासते, नंबर जुळला नाही तर तिला तुमच्याकडे व्हिसा आहे हे कळणार कुठून? तरी शेअर कोड (ज्याने दुसऱ्याला तुमचा व्हिसा ऑनलाइन तपासता येतो) काढून स्क्रीनशॉट ठेवला होता, काउंटरवर तोच मागितला. हीथ्रोला मात्र टर्म कधी सुरू होते एवढाच प्रश्न.

आयर्लंड, २०२३

आमचं सोपं. २०१९ पासून मोठ्या माणसांना वेगळा री-एंट्री व्हिसा लागत नाही, चालू आयआरपी कार्ड (तिथल्या राहण्याच्या परवान्याचं) आणि पासपोर्ट पुरतो. फक्त कार्डाची तारीख बघा.

अमेरिका, पीएचडी, २०२५

ज्यांचा स्टॅम्प संपलाय त्यांच्यासाठी लिहितो. अमेरिकेत बसून स्टॅम्प संपला तर काही बिघडत नाही, आय-२० आणि स्टेटस नीट असेल तर आरामात रहा. पण बाहेर पडलात की परत यायला नवीन स्टॅम्प, आणि तो बाहेरच मिळतो. पूर्वी ड्रॉपबॉक्सने (इंटरव्ह्यूशिवाय, नुसते कागद देऊन) व्हायचं, २ सप्टेंबर २०२५ पासून विद्यार्थ्यांना बहुतेक सगळ्यांनाच इंटरव्ह्यूला जावं लागतं. त्यात त्या वर्षी जूनपासून सोशल मीडिया प्रोफाइल पब्लिक ठेवायला सांगतात. मी उन्हाळ्यात गेलो होतो. माझा विषय मटेरियल्समधला, इंटरव्ह्यू छान झाला आणि शेवटी हातात २२१(जी) चा कागद. म्हणजे कायमचा नकार नाही, पण होकारही नाही. सीव्ही, पेपरांची यादी, रिसर्चबद्दल एक पान, अॅडव्हायजरची माहिती, सगळं मेलने पाठवलं आणि मग स्टेटस रोज उघडून बघायचं, रोज तेच. प्रोफेसरांनी पत्र दिलं, पण अशा पत्राने गती येते असं मला तरी वाटत नाही. सेमिस्टर सुरू झालं, माझी असिस्टंटशिप दुसऱ्याकडे गेली, खोलीचं भाडं चालूच. व्हिसा आला शेवटी. पण तुमचा विषय संवेदनशील असेल आणि स्टॅम्प संपलेला असेल तर फक्त फिरायला म्हणून बाहेर जाणं, माझं मत विचाराल तर, नको.

याला एक पळवाट आहे, ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन. कॅनडा किंवा मेक्सिकोत ३० दिवसांच्या आत जाऊन आलात, आय-२० आणि आय-९४ चालू आहे, तर संपलेल्या स्टॅम्पवर परत येता येतं. पण तिथे असताना नवीन अमेरिकन व्हिसाचा अर्ज केला तर ही सवलत गेली. लॅबमेट टोरंटोला असा जाऊन आला, एअरलाइनवाल्यांना नियमाची प्रिंट दाखवावी लागली.

अमेरिका, ओपीटीवर, २०२४

ओपीटीवाल्यांचा (डिग्रीशी जुळणारं काम करायची विद्यार्थ्यांना मिळणारी परवानगी) कागदांचा गठ्ठा मोठा असतो. ईएडी कार्ड (कामाच्या परवान्याचं), ओपीटीची नोंद असलेला आय-२०, आणि सही सहा महिन्यांच्या आतली, एक वर्षाची नाही!, नोकरीचं पत्र, शेवटच्या पे स्लिपा. मी अबू धाबीवरून आले, तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात बसायच्या आधीच होतं. मला सेकंडरीत (जादा चौकशीच्या खोलीत) नेलं, फोन वापरायचा नाही असा बोर्ड, एक काका आणि दोन विद्यार्थी आधीच बसलेले, कोणी कोणाशी बोलत नाही. कंपनी काय करते, तुझं काम डिग्रीशी कसं जुळतं, पगार कुठे जमा होतो. उद्धटपणा काही नाही, नुसता वेळ जातो. म्हणून तिथून येणार असाल तर मधला वेळ भरपूर ठेवा, इमिग्रेशन आधी आणि विमान नंतर असतं.

आणि कोर्स संपलाय पण ओपीटीचा अर्ज अजून टाकला नाही अशा मधल्या ६० दिवसांत देश सोडू नका, तो ग्रेस पिरियड आवरून निघण्यासाठी असतो, त्यावर परत येता येत नाही.

ऑस्ट्रेलिया, २०२४

सबक्लास ५०० (विद्यार्थी व्हिसा) चालू आहे तोपर्यंत कितीही वेळा जा-ये करा, स्टिकर नाही, व्हिवोवर (व्हिसा तपासायची सरकारी साइट) तारीख आणि अटी दिसतात. गोंधळ ब्रिजिंग व्हिसाचा (नव्या अर्जावर निर्णय होईपर्यंतचा तात्पुरता व्हिसा). नवीन अर्ज टाकला, ५०० संपला आणि ब्रिजिंग ए सुरू झाला की त्यावर बाहेर गेलात तर तो तिथेच संपतो, परत येता येत नाही. बाहेर जायचं असेल तर ऑस्ट्रेलियात असतानाच ब्रिजिंग बी घ्यायचा, त्यावर प्रवासाची मुदत लिहिलेली असते, त्याच्या आत परत. मी हातात ग्रँट लेटर आल्याशिवाय तिकीटच काढलं नव्हतं.

अमेरिका, मास्टर्स, २०२२

जायच्या वेळचं कोणी लिहिलं नाही म्हणून. रूममेट घरी निघाला, स्टॅम्प संपलेला, तिकडे नवीन काढणारच होता. फ्लाइट फ्रँकफर्टवरून. त्या वेळी भारतीय पासपोर्टला जर्मनीत नुसत्या ट्रान्झिटलाही व्हिसा लागायचा, चालू अमेरिकन व्हिसा असेल तर सूट. याचा संपलेला, म्हणजे सूट नाही, म्हणजे चेक-इनलाच नाही म्हणाले. बॅगा घेऊन पहाटे परत खोलीवर आला. नवीन तिकीट आखातातून काढलं.

यूके, पहिलं वर्ष

मी अजून गेले नाहीये, नाताळच्या सुट्टीत जाणार. एक मूर्ख प्रश्न, अमेरिकेतल्या बहिणीसाठी. तिचा एफ-१ व्हिसा जुन्या पासपोर्टमध्ये आहे, अजून दोन वर्षं चालू, पण पासपोर्ट नवीन झालाय आणि जुना कोपरा कापून परत दिलाय. तो व्हिसा गेला का?

धागा काढणारी

नाही गेला. व्हिसाचं पान शाबूत पाहिजे, त्यावर रद्दचा शिक्का नको, मग दोन्ही पासपोर्ट सोबत घेऊन जायचं. स्टेपल करायची गरज नाही, आणि व्हिसाचं पान फाडून नव्यात चिकटवायचं तर अजिबात नाही, एकाने खरंच विचारलं होतं मला. आय-२० वरची सही मात्र बघायला सांग तिला.